‘सैराट’ पाहून झाला, आता पुढं काय?

सिनेमा-गाण्यातलं तुम्हाला थोडंफार कळतं अशी कुणकुण लागली, की सोलापुरात प्रश्न ठरलेला असतो : “एखादा भारी पिक्चर सांगा की.” विचारणारा रिक्षावाला असतो, चादरीच्या दुकानातले हिशेबनीस असतात, शेजारच्या काकू असतात, कॉलेजातला पुतण्या असतो. यांपैकी कुणालाही सिनेमाचा अभ्यास करायचा नसतो. रविवारची दुपार बरी जावी, पाळीवरून घरी आल्यावर तासभर काही चांगलं कानावर पडावं, एवढीच मागणी. वर्षाला पाच-सहा सिनेमे, कामाच्या ठिकाणी चालू असलेली गाणी आणि गणपती, भीमजयंतीच्या मिरवणुकीत वाजणारी गाणी, इतकाच त्यांचा या जगाशी संबंध. दिग्दर्शकाचं नाव सांगता येत नाही. गाण्याचा मुखडा मात्र पाठ असतो.

मराठीत समीक्षा पुष्कळ लिहिली जाते, पण ती बहुतेक जाणकारांनी जाणकारांसाठी लिहिलेली असते. या सहज बघणाऱ्या, सहज ऐकणाऱ्या माणसाला काय सुचवावं आणि कसं सुचवावं, हा प्रश्न किरकोळ समजून बाजूला पडतो. मला तो किरकोळ वाटत नाही. टॉकीजच्या तिकिटाचे पैसे याच माणसाच्या खिशातून येतात. त्याला एकदा भलतंच काही सुचवलं, की तो पुन्हा विचारत नाही आणि मराठी सिनेमा एक प्रेक्षक गमावतो.

ही शिफारस पूर्वी कोण करत होतं, इथून सुरुवात करावी लागेल. सिनेमाच्या बाबतीत भिंतीवरचं पोस्टर, कर्णा लावून गल्लोगल्ली फिरणारी गाडी आणि पहिला खेळ पाहून आलेला शेजारी. जत्रेतल्या तंबूतल्या सिनेमाचंही तेच. महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला. तोंडी शिफारशीची ताकद किती असते, हे मराठी सिनेमाइतकं दुसरीकडे क्वचितच दिसेल. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९मध्ये पुण्याच्या विजयानंदला लागला आणि १३१ आठवडे चालला. दादा कोंडके यांच्या एकामागोमाग नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले. १९९१च्या ‘माहेरची साडी’ला बायकांनी बायकांना नेलं, नणंदेनं भावजयीला, आईनं लेकीला. हा सिनेमा रडका म्हणून हिणवला गेला. मला ते हिणवणं कधीच पटलं नाही. ज्या बाईला घरातून एकटीनं बाहेर पडणं अवघड होतं, तिला दुसऱ्या बाईनं ‘चल, बघून येऊ’ म्हटलं, यापेक्षा मोठी शिफारस कोणती?

अमेरिकेतल्या डिकेटर या गावात कॅट्झ आणि लाझार्सफेल्ड यांनी माणसं एकमेकांचं मत कसं घेतात याचा अभ्यास केला होता. तो १९५५मध्ये ग्रंथरूपानं आला. सिनेमाच्या बाबतीत गाव ज्यांचं ऐकत होतं, त्या प्रामुख्यानं तरुण, अविवाहित मुली निघाल्या. वर्तमानपत्राचे टीकाकार नव्हे. आपल्याकडेही कोणत्या घरात कुणाच्या सांगण्यावरून सिनेमा ठरतो हे पाहिलं, तर बहुधा असंच काही निघेल.

गाण्यांचं काम रेडिओ करायचा. १९५२मध्ये रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सयानी यांचा आवाज घरोघरी गेला. रेकॉर्डच्या दुकानांतला खप आणि श्रोता संघांची मतं यांवरून गाण्यांची पायरी ठरे. १९५७मध्ये विविध भारती आली. मराठीत ‘आपली आवड’ होतं. तिथं गाण्याआधी फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचली जात, आणि गाणं कुणाला आवडलंय हे गावासकट कळे. पुढं ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. त्या काळात कोऱ्या कॅसेटवर यादीप्रमाणे गाणी भरून देणारी दुकानं गावोगाव होती. गिऱ्हाईक आपली गाणी लिहून द्यायचं, शेवटी थोडी जागा उरली, की दुकानदार विचारायचा, “दोन माझ्या मनानं टाकू का?” गिऱ्हाइकाची यादी त्यानं वाचलेली असायची. त्या यादीच्या जवळचं, पण यादीत नसलेलं गाणं तो निवडायचा. शिफारशीची सगळी कला मला त्या दोन गाण्यांत दिसते.

आता हे काम फोनमधलं ॲप करतं. त्याची रीत ढोबळमानानं अशी : तुमच्यासारखीच गाणी ऐकणारी इतर माणसं शोधायची, आणि त्यांनी ऐकलेलं पण तुम्ही न ऐकलेलं पुढं करायचं. ही रीत किती मोलाची आहे, हे नेटफ्लिक्सनं २००६मध्ये लावलेल्या बक्षिसावरून कळतं. आपली शिफारस १० टक्क्यांनी सुधारून देणाऱ्याला १० लाख डॉलर. २००९मध्ये ते दिलं गेलं. याच कंपनीच्या दोन अधिकाऱ्यांनी २०१५मध्ये लिहिलं, की लोक जे काही तास बघतात त्यातले सुमारे ८० टक्के शिफारशींमधून येतात, आणि ६० ते ९० सेकंदांत काही मनासारखं सापडलं नाही तर माणूस नाद सोडून देतो. स्पॉटिफाय भारतात २०१९मध्ये आलं, आणि दर आठवड्याला नवी यादी हातात पडायची सोय झाली.

पण या यंत्राची एक अडचण नेमकी आपल्या माणसापाशी येते. ज्यानं खूप ऐकलं, त्याच्याबद्दल त्याला खूप कळतं. जो क्वचित ऐकतो, त्याच्याबद्दल काहीच कळत नाही. मग जे सगळ्यांना दिलं जातं तेच त्यालाही दिलं जातं. शिफारशीची ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याच्याच बाबतीत यंत्र सर्वांत दुबळं. त्यात अनेक घरांत फोन एक आणि वापरणारे चार. आजीचा अभंग, वडिलांची लावणी, पोराचं रॅप आणि लहानग्याची बडबडगीतं एकाच खात्यात मिसळलेली. त्यातून जी यादी तयार होते, ती घरातल्या कुणाचीच नसते. जुन्या मराठी गाण्यांची गत आणखी वाईट. गायकाचं नाव चुकीचं, संगीतकाराचं नाव गायब. ज्याला नाव नाही, त्याला यंत्र कुणाशी जोडणार?

मग ‘सगळ्यांना आवडलं ते सांगावं’ हा सोपा नियम पुरेसा का नाही? यावर सॅलगनिक, डॉड्स आणि वॉट्स यांचा २००६चा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. अनोळखी कलाकारांची ४८ गाणी त्यांनी १४ हजारांहून अधिक लोकांपुढं ठेवली. काहींना इतरांनी कोणती गाणी किती उतरवून घेतली ते दिसत होतं, काहींना नव्हतं. जिथं दिसत होतं, तिथं हिट गाणी अधिकच हिट झाली. पण दर गटात हिट होणारी गाणी वेगळी निघाली. फार चांगलं गाणं सहसा तळाला गेलं नाही, फार वाईट गाणं सहसा वर चढलं नाही. मधल्या सगळ्यांचं नशीब सुरुवातीला कुणी काय उचललं यावर ठरलं. म्हणजे लोकप्रियता ही गुणाची खूण आहे, पण अपुरी. लोकप्रिय झालेलं हिणवू नये आणि लोकप्रिय न झालेलं टाकूनही देऊ नये, असा त्याचा मी अर्थ लावतो. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) सांगताना ओशाळण्याचं कारण नाही. लोक तो सिनेमा पुन:पुन्हा बघतात, कारण तो तितका चोख बांधलेला आहे.

वयाचाही विचार लागतो. होलब्रुक आणि शिंडलर यांच्या १९८९च्या पाहणीत, माणसाला सर्वांत जवळची वाटणारी गाणी साधारण त्याच्या २३-२४व्या वर्षाच्या सुमारास गाजलेली असतात, असं आढळलं. साठीच्या माणसाला आजचं गाणं सुचवू नये असं यातून निघत नाही. त्याच्या पंचविशीतल्या गाण्याशी जोडून सुचवावं, एवढं निघतं.

सोलापुरात हे जोडणं सोपं नाही आणि सोपंही आहे, कारण इथं चार भाषा नांदतात. पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची वस्ती, घरात तेलुगू. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडं कन्नड. जुन्या पेठांतून दख्खनी उर्दू. आणि सगळ्यांना सामाईक मराठी. विजापूर शंभरेक किलोमीटरवर, पुणं अडीचशे, हैदराबाद तीनशेच्या आसपास. एकाच घरात आई तेलुगू सिनेमा बघते, पोरगं हिंदी रॅप ऐकतं आणि गणपतीत दोघंही मराठी गाण्यावर लेझीम बघायला उभे राहतात. पुण्या-मुंबईत बनलेल्या ‘पाहायलाच हवेत असे’ चित्रपटांच्या याद्या या घराला धरून बनवलेल्याच नसतात. मला वाटतं, सोलापूरच्या माणसाला सुचवताना भाषेची भिंत ओलांडायला लावणारा एक ओळखीचा आवाज आधी शोधावा.

असा एक आवाज एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा. तेलुगू घरात ‘शंकराभरणम्’ (१९८०) माहीत नाही असं क्वचितच. त्यातल्या गायनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हिंदीवाल्यांना तोच आवाज ‘एक दूजे के लिए’ (१९८१) आणि ‘मैंने प्यार किया’ (१९८९)मधून ठाऊक. अजय-अतुल यांच्या सुरुवातीच्या ‘विश्वविनायक’ या गणेशगीतांच्या अल्बममध्येही तो आहे, शंकर महादेवन यांच्या जोडीला. तेलुगू घरातल्या माणसाला मराठी अल्बम सुचवायचा, तर मी इथून सुरुवात करतो. उलट दिशेनं, मराठी माणसाला जुना तेलुगू सिनेमा सांगायचा तर ‘मायाबाजार’ (१९५७). अभिमन्यूच्या लग्नाची, घटोत्कचाच्या मायेची ही गोष्ट आपल्याकडं वत्सलाहरण म्हणून घरोघरी माहीत आहे. एस. व्ही. रंगाराव यांचा घटोत्कच पाहायला भाषा यावी लागत नाही.

दुसरा आवाज भीमसेन जोशींचा. गदगकडचा हा गायक मराठीत तुकोबांचे अभंग गायला आणि कन्नडमध्ये पुरंदरदासांची पदं. दोन्हींकडं दैवत पंढरपूरचंच. अक्कलकोटच्या कन्नड घराला त्यांची दासवाणी आणि मराठी घराला त्यांची अभंगवाणी आधीच ठाऊक असते. प्रत्येकाला फक्त दुसऱ्याची कॅसेट द्यायची. त्याच्या पुढची पायरी हवी असेल, तर लता मंगेशकर आणि श्रीनिवास खळे यांचं ‘अभंग तुकयाचे’. हा अल्बम सलग ऐकण्याचा आहे; सुटी गाणी उचलून ऐकली तर त्यातला संथपणा हाती लागत नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या कथेवरचा ‘झाला महार पंढरीनाथ’ (१९७०) हा सिनेमाही याच वाटेवरचा. ‘कानडा राजा पंढरीचा’ हे गाणं त्यातलं. गाणं सगळ्यांना माहीत, सिनेमा पाहिलेला क्वचितच कुणी.

मंगळवेढ्याकडचंच मूळ असलेलं शिंदे घराणं तर एकट्यानं सगळी वाट दाखवतं. प्रल्हाद शिंदे विठ्ठलाची गाणी गायले, भीमगीतं गायले, कव्वाल्या गायले. पुढं आनंद आणि मिलिंद शिंदे यांनी कॅसेटचा जमाना गाजवला. नातू आदर्श ‘दुनियादारी’ (२०१३)मध्ये ऐकू येतो. मिरवणुकीत आदर्शच्या गाण्यावर नाचणाऱ्या पोराला मी सरळ त्याच्या आजोबांचा आवाज ऐकवीन. या तीन पिढ्यांत वाद्यं बदलली, ध्वनिमुद्रण बदललं. आवाजातली फेक तशीच राहिली आहे. एरवी जाणकार म्हणवणाऱ्यांच्या यादीत हे घराणं सापडत नाही, आणि ही त्या याद्यांची मोठी उणीव आहे.

आता मुख्य प्रश्न, कारण तोच सर्वांत जास्त विचारला जातो. ‘सैराट’ पाहिला, पुढं काय?

२९ एप्रिल २०१६ला आलेला हा सिनेमा या जिल्ह्याचा. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, त्यातली आर्ची, म्हणजे रिंकू राजगुरू, अकलूजची. शंभर कोटींचा पल्ला गाठणारा पहिला मराठी चित्रपट. गाणी फक्त चार, पण त्यांचं वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर झालं. कधीतरीच सिनेमा पाहणाऱ्यानंही हा पाहिलेला असतो. म्हणूनच पुढच्या सुचवणीसाठी याहून चांगली जागा नाही. फक्त त्याला त्यातलं काय आवडलं, हे आधी विचारायला हवं. एकाच सिनेमातून वेगवेगळ्या वाटा फुटतात.

उत्तर ‘गाणी’ असं आलं, तर ‘जोगवा’ (२००९). अजय-अतुल यांना संगीताचा, हरिहरन आणि श्रेया घोषाल यांना गायनाचा राष्ट्रीय पुरस्कार देणारा हा सिनेमा यल्लमाला सोडलेल्या जोगत्या-जोगतिणींचा आहे. सीमाभागातल्या माणसाला तो परका वाटत नाही. ‘कांतारा’ (२०२२) आवडलेल्या कन्नड घरालाही मी हाच सुचवतो. देव अंगात येण्याचा अर्थ दोन्ही सिनेमे गंभीरपणे घेतात. त्यानंतर ‘नटरंग’ (२०१०). अतुल कुलकर्णी सोलापुरात वाढलेले नट, विषय तमाशाचा, लावण्या सगळ्यांच्या तोंडी. आणि ज्या जिल्ह्यात मोडनिंबची कलाकेंद्रं आणि अकलूजची लावणी स्पर्धा आहे, तिथं लावणी समजावून सांगावी लागत नाही. ‘नटरंग’ आवडला की ‘पिंजरा’ (१९७२) : व्ही. शांताराम, संध्या, श्रीराम लागू, राम कदम यांच्या चाली, जगदीश खेबूडकर यांचे शब्द. इथवर आलेला माणूस स्वत:च विचारतो, की याच्या आधीचं काय. तेव्हा ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) सांगावा. त्याआधी सांगू नये. काळा-पांढरा, चरचरणारा आवाज असलेला सिनेमा पहिल्याच फटक्यात पुढं केला, तर दहाव्या मिनिटाला बंद होतो.

उत्तर ‘आर्ची’ असं आलं आणि घर कन्नड असेल, तर ‘मनसु मल्लिगे’ (२०१७). तीच गोष्ट, तीच रिंकू, कन्नडमध्ये. सिनेमा म्हणून तो ‘सैराट’च्या खालचा आहे, पण घरातल्या मराठी न कळणाऱ्या आजीला बरोबर घेऊन बघता येतो. सिनेमा कुणाबरोबर बघायचा आहे, हाही निकष आहेच.

उत्तर ‘शेवट अंगावर आला’ असं आलं, तर ‘फँड्री’ (२०१४). इथं मात्र तोंडानं चार वाक्यं सांगूनच सिनेमा हाती द्यावा. ‘सैराट’मधल्या ‘झिंगाट’ गाण्याच्या ओढीनं जाणाऱ्याला त्यात नाचण्याजोगं काही मिळणार नाही. अजय-अतुल यांनी केलेलं त्याचं गाजलेलं गाणं प्रत्यक्ष सिनेमात नाही, ते जाहिरातीसाठी होतं. दीड-पावणेदोन तासांचा, संथ सुरू होणारा आणि शेवटच्या अर्ध्या तासात श्वास रोखायला लावणारा हा सिनेमा आहे. हे आधी सांगितलं तर माणूस तयारीनं बसतो. ‘सैराट’च्या वेळीही झिंगाटसाठी पोराबाळांना घेऊन गेलेली किती कुटुंबं शेवटी सुन्न होऊन बाहेर पडली. शेवट फोडायची गरज नसते. शेवट जड आहे, लहान मुलांना नेण्याआधी विचार करा, एवढं सांगणं कर्तव्य आहे.

आणि उत्तर ‘आर्चीच्या बापाचं राजकारण’ असं आलं, तर मला सर्वांत आनंद होतो. कारण पुढं ‘सामना’ आहे. पंढरपुरात जन्मलेले जब्बार पटेल, तेंडुलकरांची पटकथा, निळू फुले यांचा साखरसम्राट आणि श्रीराम लागू यांचा मास्तर. १९७५मध्ये बर्लिन महोत्सवात गेलेला हा सिनेमा साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्यात आजही ताजा वाटतो. कलात्मक सिनेमा म्हणून तो सांगितला की माणूस मागं सरतो. “कारखान्याच्या चेअरमनची गोष्ट आहे, निळूभाऊ आहेत” असं सांगितलं की त्याच दिवशी बघतो. दोन्ही वर्णनं खरी आहेत. दुसरं त्याच्या उपयोगाचं आहे. ‘सामना’नंतर ‘सिंहासन’, आणि गाण्यांची ओढ असलेल्याला पटेलांचाच ‘जैत रे जैत’ (१९७७). ना. धों. महानोर आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी गाण्यांतूनच पुढं नेलेला हा सिनेमा अल्बम म्हणून आधी ऐकवावा आणि मग दाखवावा. ओळखीच्या झालेल्या गाण्यांच्या आधारानं त्यातलं ठाकरांचं जग अनोळखी राहत नाही.

सुचवणारे कुठं चुकतात, तेही सांगायला हवं. स्वत:ला आवडलेलं सर्वांत अवघड काही पुढं करतात. विचारणाऱ्यानं एक मागितलं असताना दहा नावं सांगतात. दहातलं एकही पाहिलं जात नाही. ‘तुला हे माहीत नाही?’ असं म्हणतात, आणि तिथंच संभाषण संपतं. एक नाव, ते का याचं एक वाक्य, ते कुठं मिळेल आणि किती वेळाचं आहे, इतकं पुरे. विड्या वळणाऱ्या बाईला नजर हातावर ठेवून ऐकता येईल असं हवं. तिला अल्बम द्यावा, सिनेमा नव्हे. यंत्रमागावर दिवसभर खडखडाट ऐकलेल्या माणसाला रात्री मोठ्या आवाजाचं काही नको असतं, त्याला खळ्यांच्या चाली चालतील. आणि आठवड्यानं भेटल्यावर “बघितला का, कसा वाटला?” असं विचारावं. आवडला नाही म्हणाला तर का नाही ते ऐकून घ्यावं. पुढची शिफारस त्या उत्तरात असते.

सोलापूरला आणखी एक करता येण्याजोगं आहे. पेशवाईच्या अखेरच्या काळातला शाहीर राम जोशी सोलापूरचा. त्याच्यावर बाबूराव पेंटर आणि शांताराम यांनी सिनेमा केला. जयराम शिलेदार, हंसा वाडकर, गदिमांची गीतं, वसंत देसाई यांचं संगीत. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करताना १९४२मध्ये वारलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. त्यांच्यावरही शांताराम यांचाच ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ (१९४६), संगीत पुन्हा वसंत देसाई यांचं. या दोन सिनेमांची नावं इथल्या पुष्कळ लोकांना ठाऊक आहेत. पाहिलेले मात्र थोडे. हुतात्मा स्मृती मंदिरात दर वर्षी १० ऑक्टोबरला, कोटणीसांच्या जन्मदिवशी, हे दोन्ही खेळ लावावेत. तिकीट परवडणारं ठेवावं, सुरू होण्याआधी दहा मिनिटं कुणीतरी त्यातली गाणी नुसती ऐकवावीत आणि जाहिरातीची गाडी पूर्व भागातून तेलुगूत, अक्कलकोट रोडनं कन्नडमध्ये फिरवावी.